‘आठवणींचे दलाल’ म्हणणाऱ्या वाचकास

मराठीतल्या दहा विनोदी नटांची क्रमवारी लावणाऱ्या माझ्या लेखावर ‘कोथरूडकर’ या टोपणनावानं आलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहिलं होतं, ते पुसलं आणि आज सकाळी पुन्हा बसलो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लक्ष्मीकांत बेर्डे चौथे कसे, दहांत एकही स्त्री का नाही, लेखाखाली मी विकायला ठेवलेल्या सह्या खऱ्या कशावरून, आणि शेवटी हे वाक्य: ‘नटांना नंबर लावायचे आणि खाली त्यांच्या सह्या नि कपडे विकायला मांडायचे, तुम्ही रसिक नाही, आठवणींचे दलाल आहात.’

आधी माझी चूक. ‘लाखाची गोष्ट’ हा चित्रपट १९५२ चा, मी १९५३ लिहिलं होतं. ते दुरुस्त केलं आहे. दाखवून दिलंत, आभारी आहे.

आता ‘दलाल’. मतभेदाला माझी कधीच ना नव्हती. ‘सह्या विकणं मला पटत नाही’ एवढं लिहिलं असतंत तरी मुद्दा पोचला असता. पण तुम्ही माझ्या घरी कधी आला नाहीत, माझ्या वडिलांना कधी पाहिलं नाहीत, आणि टोपणनावाआडून हा शब्द फेकता. मी माझ्या प्रत्येक लेखाखाली स्वतःचं नाव घालतो. नाव लपवून शब्द फेकण्याची ही रीत आपल्याकडे कधीपासून आली?

माझे वडील एका नाटक कंपनीत कपडेपट सांभाळायचे. प्रयोगाआधी ट्रंका उतरवायच्या, कोळशाच्या इस्त्रीनं धोतरं, झब्बे, कोट सरळ करायचे, प्रवेशांच्या क्रमानं लावून ठेवायचे. प्रयोग संपला की घामानं चिंब झालेला कोट उलटा करून वाळत घालायचा, कॉलरला लागलेला रंग ओल्या फडक्यानं टिपायचा. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उघडलं, त्यानंतर दोनेक वर्षांत मी आठ वर्षांचा होतो आणि तिथल्या विंगेत हातावर घड्या घेऊन उभा असायचो. समोर हशा पिकायचा आणि मला फक्त नटाची पाठ दिसायची. विनोदाबद्दल मला जे काही कळतं ते त्या पाठींकडे बघून कळलं आहे.

पुढे कंपनी बंद पडली. मालकांनी ट्रंका भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकल्या. वडिलांचा सात महिन्यांचा पगार थकला होता. त्याच्या बदल्यात त्यांनी दोन ट्रंका मागून घेतल्या. जो कोट मी विकायला ठेवला आणि ज्यावरून तुम्ही मला दलाल म्हणालात, तो त्या ट्रंकेतला आहे. तो माझ्या वडिलांचा पगार आहे, साहेब.

तुम्ही म्हणता, या वस्तू घरात जपून ठेवाव्यात. घरात! वडिलांची जुनी स्वाक्षरीवही अशीच घरात जपून ठेवलेली होती. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. आमचं बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. माझा जन्म व्हायचा होता, पण पेटी उघडल्यावर आत नुसता चिखल होता हे मी वडिलांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की ते मला दिसतं. त्या वहीतली तीन पानं तेवढी वाचली, कारण ती त्यांनी आधीच साताऱ्याच्या आतेभावाला देऊन टाकली होती. एका घरात साठवलेलं एका दिवसात जातं. चार घरांत गेलेलं टिकतं. आणि पैसे मोजून नेलेली वस्तू माणूस सहसा रद्दीत घालत नाही.

पुण्यात राहून तुम्ही केळकर संग्रहालय पाहिलंच असेल. दिनकर केळकरांनी ते दिवे, ते अडकित्ते गावोगाव हिंडून, पदरचे पैसे मोजून गोळा केले. ज्यांनी त्यांना ते विकले, ते सगळे दलाल होते का?

आणि राजा गोसावी, माझ्या यादीतले पहिले. भानुविलास चित्रपटगृहात ते बुकिंग क्लार्क होते, आणि ‘लाखाची गोष्ट’ तिथे लागला तेव्हा स्वतः नायक असलेल्या त्या चित्रपटाची तिकिटं त्यांनी स्वतः खिडकीत बसून विकली. त्यांना विकण्याची लाज वाटली नाही. मला तुम्ही ती शिकवू नये.

कपड्यांबद्दल तुम्ही ‘जुनी लक्तरं’ लिहिलंत. दादा कोंडक्यांची ती ढगळ अर्धी विजार आणि गुडघ्यापर्यंत लोंबणारी नाडी डोळ्यांसमोर आणा. १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून ती नाडी लोकांच्या लक्षात आहे. नट तोंड उघडायच्या आधी कपडा हसवतो. म्हणून तो जपायचा, आणि म्हणून त्याला किंमत.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. बेर्डे चौथे, कारण माझी कसोटी लेखातच दिली होती: दुसरा बोलत असताना हा नट काय करतो. त्या कसोटीवर अशोक सराफ मला त्यांच्या वर वाटतात. तुम्हाला नसतील वाटत. स्त्रियांवर वेगळा लेख येईल. सह्यांचं म्हणाल तर छापील सही भिंगाखाली ठिपक्या-ठिपक्यांची दिसते, शाईची कागदाच्या धाग्यांत पसरलेली असते. ज्याला घ्यायची त्याला मी आधी भिंग हातात देतो.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. कोट मात्र आज सकाळी विक्रीतून काढून घेतला. तुमच्या म्हणण्यावरून नाही. आईनं कालची प्रतिक्रिया मला वाचून दाखवायला लावली, आणि तो पुन्हा ट्रंकेत ठेव म्हणाली. सह्या विक्रीला आहेत.