कामराज योजना हा खरंच नेहरूंचा ‘डाव’ होता?

एक संदेश व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरतो: १९६३ साली कामराज योजनेच्या (बड्या नेत्यांनी सत्तेची पदं सोडून काँग्रेस पक्षाचं काम करावं, ही मद्रासचे मुख्यमंत्री कामराज यांची सूचना) नावाखाली नेहरूंनी सगळ्या प्रतिस्पर्ध्यांचा काटा काढला, स्वतःची खुर्ची पक्की केली आणि मुलीची वाट मोकळी केली.

आधी ‘सगळे प्रतिस्पर्धी’. त्या ऑगस्टमध्ये सहा केंद्रीय मंत्री आणि सहा मुख्यमंत्री पक्षकार्यासाठी पायउतार झाले. त्यात मोरारजी देसाई आणि मुंबईचे स. का. पाटील होते, हे खरं. पण लालबहादूर शास्त्री, बिजू पटनाईक आणि खुद्द कामराजही होते. शास्त्री कुठून नेहरूंचे प्रतिस्पर्धी? जानेवारी १९६४मध्ये भुवनेश्वरला नेहरू आजारी पडले आणि त्याच महिन्यात शास्त्री बिनखात्याचे मंत्री म्हणून परत आले. हिमालयाच्या मदतीला गेलेल्या यशवंतरावांना तर कुणी हातही लावला नाही.

एक मात्र मान्य करायला हवं. राजीनामे अनेकांनी देऊ केले होते. त्यांतले कोणते स्वीकारायचे, हे नेहरूंनी ठरवलं. त्यामुळे मोरारजींना संशय आला तो काही उगाच नव्हे. पण सुवर्ण नियंत्रण (सोन्यावरची बंधनं) आणि सक्तीची ठेव योजना (उत्पन्नातला काही भाग सरकारकडे ठेवण्याची सक्ती) यांमुळे अर्थमंत्री म्हणून ते तेव्हा लोकांच्या रोषाचे धनी झालेच होते. संदेशात याचा उल्लेख नसतो.

खुर्ची पक्की झाली म्हणावं, तर घडलं उलटंच. चीन युद्धानंतर पक्षाच्याच दबावामुळे नेहरूंना आपले संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना सोडावं लागलं होतं. १९६३च्या पोटनिवडणुकांत कृपलानी, लोहिया आणि मसानी हे नेहरूंचे कडवे विरोधक लोकसभेत आले. कृपलानींचा अविश्वास ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला खरा, पण स्वतंत्र भारतातला तो पहिलाच. त्यानंतर वजन वाढलं ते पक्षसंघटनेचं. कामराज काँग्रेसचे अध्यक्ष झाले. अतुल्य घोष, निजलिंगप्पा, संजीव रेड्डी या प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस नेत्यांसह जमलेला त्यांचा गट ‘सिंडिकेट’ म्हणून ओळखला गेला. ‘काटा काढलेले’ स. का. पाटीलही त्याच गटात होते आणि नेहरूंनंतरचा पंतप्रधान ठरवण्यात त्यांचा हात होता!

राहिली मुलगी. १९६४मध्ये पंतप्रधान झाले शास्त्री; इंदिराबाईंच्या वाट्याला आलं माहिती आणि नभोवाणी खातं. १९६६मध्ये शास्त्रींच्या निधनानंतर मोरारजी पुन्हा रिंगणात उतरले आणि १६९ विरुद्ध ३५५ मतांनी हरले. इंदिराबाईंना निवडून आणलं कामराज आणि मुख्यमंत्र्यांनी. नेहरू जाऊन तेव्हा दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. संदेशातला डाव खरा मानायचा, तर शास्त्रींचं ताश्कंदमधलं निधन नेहरूंनी १९६३ सालीच हिशेबात धरलं होतं, असं म्हणावं लागेल.