दह्याला नोबेल? खुलासा

नाशिकच्या पंचवटी, इंदिरानगरमधल्या सोसायटी ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘दह्याने पांढऱ्या पेशी वाढतात, हे शोधल्याबद्दल मेचनिकॉफला नोबेल मिळालं.’ साफ चूक.

१९०८चं नोबेल एली मेचनिकॉफ आणि पॉल एर्लिख या शास्त्रज्ञांना विभागून मिळालं, ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. १८८२मध्ये इटलीतल्या मेसिना इथे मेचनिकॉफने तारामाशाच्या पारदर्शक अळीत बागेतल्या झाडाचे बारीक काटे टोचले. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो तर फिरत्या पेशींनी काट्यांना घेराव घातलेला! त्यावरून त्याने मांडलं की सूज हा शरीराचा बचाव आहे, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशीही अशाच धावून येऊन जंतू गिळतात. तोवर कित्येक तज्ज्ञ उलटंच समजत, की याच पेशी जंतू अंगभर पसरवतात.

दही आलं नंतर, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये असताना. बल्गेरियातल्या शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचं श्रेय तो आंबवलेल्या दुधाला देई. या दह्याच्या कल्पनेचा नोबेलशी संबंध नाही.

आणि पांढऱ्या पेशी ‘वाढवायच्या’ कशाला? प्रौढांत रक्ताच्या एका मायक्रोलिटरला (मिलीलिटरचा हजारावा भाग) साधारण ४,००० ते ११,००० असतात. त्यापुढे गेल्या तर बहुधा कुठेतरी संसर्ग किंवा सूज असते. तसा रक्ततपासणीचा रिपोर्ट आला तर डॉक्टरांना दाखवायचा, ग्रुपवर नाही. दही आवडतं म्हणून खुशाल खा.