काम काय शे तठे?

गेल्या बुधवारी आम्ही सहा जणी सकाळच्या शटलने जळगावहून चाळीसगावला गेलो आणि संध्याकाळी परत आलो. लग्न नव्हतं, दहावं नव्हतं, कोणाला डॉक्टरला दाखवायचं नव्हतं. व्हॉट्सॲपवर फोटो पडल्यापासून सासर-माहेरच्या दोन्ही ग्रुपांत एकच प्रश्न फिरतोय, "चाळीसगावला काय होतं?" प्रत्येकीला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहिते. लांबेल, चहा घेऊन बसा.

शटल म्हणजे आताची मेमू. पूर्वी भुसावळ-देवळाली धावायची, आता इगतपुरीपर्यंत जाते. पण चाळीस वर्षं जिला शटल म्हटलं तिला मेमू म्हणायला जीभ वळत नाही. पाटीलबाईंच्या मते तर ते नाव गाडीपेक्षा बकरीला जास्त शोभतं.

आम्ही सहाही जणी टेलिफोन खात्यातल्या. नव्या पिढीसाठी सांगते, फोन लावायला एकेकाळी मधे एक बाई बसलेली असायची. कानाला हेडसेट, समोर बोर्ड, हातात कॉर्ड. ट्रंक कॉल बुक करायचा, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं, आणि मग वाट बघत बसायचं. प्रत्येक कॉलचं तिकीट फाडायचं आणि त्यावर वेळ टाकायची. तीन मिनिटं झाली की आम्ही मधे बोलायचो, "तीन मिनिटं झाली, वाढवायचे का?" कितीतरी घरांतल्या मरणाच्या आणि बाळंतपणाच्या बातम्या पहिल्यांदा आमच्या कानांवरून गेल्या. आम्ही ऐकत नव्हतो असं आम्ही साहेबांना सांगायचो.

या नोकरीने आम्हाला सगळा खानदेश दाखवला, पण फक्त कानाने. पाचोरा, अमळनेर, धुळे, नंदुरबार, चोपडा, सगळी गावं आवाजाने ओळखीची. चाळीसगावच्या बोर्डावर एक बाई होती. आम्ही तिला 'चाळीसगाव' म्हणायचो, ती आम्हाला 'जळगाव'. "काय जळगाव, जेवलीस का?" रात्रपाळीत लाइन मोकळी असली की तिच्या सासूच्या दम्यापासून मुलीच्या दहावीपर्यंत सगळं कळायचं. एसटीडी आली, लोक स्वतःच बाहेरगावी फोन लावायला लागले, बोर्ड बंद पडले, आमच्या बदल्या दुसऱ्या विभागांत झाल्या आणि तो आवाज तिथेच तुटला. तिचं आडनाव कधी विचारलंच नाही, हे आमच्या लक्षात आलं पार निवृत्तीनंतर. एवढ्या वर्षांत चाळीसगाव स्टेशनवर तरी आमच्यापैकी किती जणी उतरल्या होत्या? एक. तीही लग्नाला, नवऱ्याबरोबर, आणि लग्न लागल्याबरोबर परत.

तर मेहरूण तलावाच्या कट्ट्यावर एक दिवस मोठ्या चौधरीबाई म्हणाल्या, "चला, एकदा चाळीसगाव बघून येऊ." (आमच्यात चौधरीबाई दोन. मोठ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, धाकट्या अडुसष्ट. नात्यागोत्यात नाहीत, पण आता कोणाला ते खरं वाटत नाही.) मी लगेच म्हणाले, "पाटणादेवीला जाऊ, दर्शनही होईल." मोठ्या चौधरीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "देवीला मधे घालायची काय गरज आहे?"

तेव्हा मला माझंच हसू आलं. आपल्याकडे साठीच्या पुढच्या बाईला घराबाहेर पडायचे परवाने मोजकेच आहेत. दवाखाना, दुखवटा, देव आणि नातवंडं. त्यातला देवाचा परवाना सर्वांत सोयीचा, कारण त्याला कोणी नाही म्हणत नाही. म्हणून आम्ही बायका शेगावला जातो, मुक्ताईनगरला जातो, सप्तशृंगीला जातो. श्रद्धा असतेच, नाही असं नाही. पण त्या श्रद्धेच्या पिशवीत तळाशी एक दिवस नुसतं बाहेर बसण्याची इच्छा घडी घालून ठेवलेली असते. पुरुषांना हे लागत नाही. आमचे हे रोज दोन तास "जरा स्टेशनपर्यंत जाऊन येतो" म्हणून जातात, आजवर घरात कोणी त्यांना विचारलं नाही की स्टेशनवर काय आहे.

आता गाडीच का, एसटी का नाही? एसटीत तर बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तरी झाली की प्रवास फुकट. मोठ्या चौधरीबाई तो वाढदिवस लहान मुलीसारखा मोजतायत. उलट रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत काढली ती अजून परत दिलेली नाही. बायकांना अठ्ठावन्नपासून पन्नास टक्के होती, पुरुषांना साठपासून चाळीस. मला ती जेमतेम दोन वर्षं मिळाली. ती परत द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, लांबच्या प्रवासाला तिची गरज पडते. पण शटलच्या तिकिटाला फारसा फरक पडत नाही. कोरोनानंतर काही वर्षं या गाड्यांनाही एक्स्प्रेसचं भाडं होतं, कमीत कमी तीस रुपये. फेब्रुवारी २०२४ पासून ते पुन्हा दहा रुपयांवर आलं. नव्वदेक किलोमीटर जायला आम्हाला जे लागलं त्यात जळगावात धड नाश्ता होत नाही.

खरं कारण वेगळं आहे आणि ते कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. गाडीत संडास-बाथरूम असतं. साठीनंतरच्या बाईचा प्रवास बस कुठे आणि कधी थांबेल यावर ठरतो. आदल्या रात्रीपासून पाणी कमी प्यायचं, सकाळचा चहा सोडायचा, आणि धाब्यावर बस थांबली की गुडघे सांभाळत धावायचं. माझ्या माहितीतल्या निम्म्या बायकांनी प्रवास सोडला तो याच पायी, सांगताना मात्र "आता दगदग नको वाटते" म्हणतात. अर्ध्या तिकिटाचं कौतुक आहेच, पण बसस्टँडवरचं स्वच्छतागृह धड असेल तर मी पूर्ण तिकीट आनंदाने काढेन.

आणि दुसरं म्हणजे समोरासमोरची बाकं. तीन इकडे, तीन तिकडे, मधे गुडघ्याला गुडघा. खुर्च्यांच्या गाडीत सगळे एकमेकांच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघत बसतात, तिथे गप्पा कशा व्हायच्या?

शिरसोली गेलं, म्हसावद गेलं. बाहेर केळी, मधे हरभरा, कुठे कापसाची शेवटची वेचणी चाललेली, पऱ्हाट्या अजून उभ्या. एका बाजूला तिसऱ्या लाइनच्या कामाचा मुरूम पडलेला. माहेजीला तडवीबाईंनी लहानपणी बैलगाडीतून पाहिलेल्या माहेजीच्या यात्रेची गोष्ट काढली आणि त्या गोष्टीतला पाळणा सुरू व्हायच्या आत पाचोरा आलं. पाचोऱ्याला सगळ्या जणी सवयीने पलीकडे बघतात. तिथून जामनेरची छोटी गाडी सुटायची, आमची पीजे. छप्पन्न किलोमीटरचा नॅरोगेज, २०२० मध्ये थांबली ती थांबलीच. आता ब्रॉडगेज होऊन बोदवडपर्यंत जाणार आहे. होवो. धाकट्या चौधरीबाईंचं माहेर पहूरकडचं, त्या नवी नवरी म्हणून त्या गाडीतून आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं बघून घेतलं.

पाचोऱ्यालाच एक बाई हरभऱ्याच्या डहाळ्यांची पाटी घेऊन चढली. आमच्या बाकापाशी पाटी टेकवली, आमच्या साड्यांकडे, डब्यांकडे बघितलं आणि अहिराणीत विचारलं, कुठे निघालात सगळ्या म्हणून,

"कथा चालन्यात वं माय बठ्ठ्या?"

"चाळीसगावले."

"काम काय शे तठे?"

"काम काही नही."

तिने एकदा सगळ्यांकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "बरं शे तुमनं." आणि पाय पसरून खालीच बसली.

त्या तीन शब्दांत टोमणा किती आणि कौतुक किती, याचा हिशोब मी अजून करतेय. वयाने माझ्याएवढीच असेल. तिला पेन्शन नाही. आमचं हे विनाकारण फिरणं दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात येणाऱ्या पैशावर उभं आहे, हे लिहिलं नाही तर ही पोस्ट अर्धी खोटी होईल. कुलकर्णीबाईंनी दोन जुड्या घेतल्या, भाव केला नाही. एरवी त्या कोथिंबिरीच्या काडीचाही भाव करतात.

नगरदेवळ्याच्या आसपास डबे उघडले. जानेवारी म्हणजे भरीत, यात चर्चा नाही. पाटीलबाईंनी पहाटे चारला उठून पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजली होती. गॅसवर भाजलेल्याला त्या भरीत म्हणतच नाहीत, 'वांग्याची भाजी' म्हणतात. स्टीलच्या डब्याचं झाकण घट्ट बसलेलं, तिघींनी ओढून पाहिलं, शेवटी तडवीबाईंनी बांगडीची कड घालून ते उचकटलं आणि धुराचा, लसणाचा, मिरचीचा असा वास सुटला की पलीकडच्या बाकावरचा कानात बोंड घातलेला पोरगा वळून बघायला लागला. त्याला पण दिलं. कळण्याच्या पुऱ्या, पातीचा कांदा, बिबड्या, वर त्या डहाळ्यांचे हिरवे हरभरे. पोरगा तीन पुऱ्या खाऊन वाघळीला उतरला. आजी म्हणाला नाही, "थँक्यू काकू" म्हणाला. कुलकर्णीबाई दिवसभर खूश होत्या.

तेवढ्यात मोठ्या चौधरीबाईंचा फोन वाजला. मुलगा. त्यांनी घरी "मेहरूणला जाते" एवढंच सांगितलं होतं, पण मुलाने त्यांच्या मोबाइलमध्ये लोकेशन चालू करून ठेवलं होतं. "आई, तू वाघळीला काय करतेयस?" चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंनी क्षणभर विचार केला, पाठ ताठ केली आणि तीस वर्षांपूर्वीच्या आवाजात म्हणाल्या, "लाइन व्यस्त आहे, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा." आणि फोन ठेवून दिला. आम्ही पाच जणी हसून हसून डोळे पुसत चाळीसगावला उतरलो.

उतरल्यावर कुठे गेलो? स्टेशनला लागूनच केकी मूस यांचा दगडी बंगला आहे, आता संग्रहालय. आमच्या गुडघ्यांना झेपेल एवढ्याच अंतरावर. छायाचित्रांसाठी जगात नाव झालेला हा माणूस २ ऑक्टोबर १९१२ चा. इंग्लंडला शिकून आला आणि मग या घरात राहिला तो जवळजवळ पन्नास वर्षं, म्हणण्यासारखा बाहेरच पडला नाही. १९८९ च्या ३१ डिसेंबरला तिथेच गेला. टेबलावर लहान लहान वस्तू मांडायच्या, उजेड-सावली जुळवायची आणि खरा देखावा वाटेल असा फोटो काढायचा, ही त्यांची खासियत. म्हणजे घराबाहेर न पडता सगळं बाहेरचं जग टेबलावर. सांगतात की त्यांची प्रेयसी पंजाब मेलने येईन म्हणाली होती, म्हणून ते रोज त्या गाडीची वाट बघायचे, जेवणाचं ताट दोघांचं मांडायचे. ती आली नाही. पंजाब मेलही १९१२ चीच, हे मला आधी माहीत होतं, पण त्या घरात उभं राहून गाडीचा आवाज ऐकताना ते वेगळं लागलं.

फोटो खरंच बघण्यासारखे आहेत, चाळीसगावहून जाणाऱ्याने एक गाडी सोडून बघावेत. आम्ही बराच वेळ होतो. बाहेर पायरीवर बसल्यावर धाकट्या चौधरीबाई म्हणाल्या, "माझी सासू पण पन्नास वर्षं घराबाहेर पडली नाही. तिचं कोणी लिहून ठेवलं नाही." मला काही उत्तर सुचलं नाही. तडवीबाई म्हणाल्या, "तिची पंजाब मेल कोणती होती कोणास ठाऊक." मग आम्ही पाणी प्यायलो.

चाळीसगावच्या त्या आवाजाचा शोध घ्यायचा असं ठरवून गेलो होतो. स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर विचारलं, एका जुन्या मेडिकलवाल्याला विचारलं. आडनाव नाही, पत्ता नाही; "टेलिफोनमध्ये होती, आवाज जरा बसका होता, सासूला दमा होता" एवढ्यावर कोण सापडणार? मेडिकलवाले बिचारे दम्यावरून आठवून बघत होते. सापडली नाही. ही पोस्ट चाळीसगावात कोणी वाचत असेल आणि घरात अशी आई, आजी असेल, तर तिला फक्त "जळगाव विचारतंय, जेवलीस का" एवढं सांगा. तिला कळेल.

परतीच्या एक्स्प्रेसला गर्दी होती, तिचं वर्णन करत नाही. जळगावला प्लॅटफॉर्मवर मोठ्या चौधरीबाईंचा मुलगा उभा होता, रागावलेला आणि घाबरलेला दोन्ही. "कशाला गेली होतीस पण?" त्यांनी उरलेल्या भरताचा डबा त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुझ्या बायकोला दे. आणि पुढच्या वेळी तिला पण घेऊन जाणार आहे, सुट्टी टाकायला सांग."

पुढची खेप धुळ्याची, चाळीसगावला गाडी बदलून. भरीत कोणी करायचं यावर सध्या भांडण चालू आहे, कारण पाटीलबाई म्हणतात मी दर वेळी चारला उठणार नाही, आणि गॅसवरचं त्या खाणार पण नाहीत.