झाडं लावली म्हणजे झालं?

जीवसृष्टीवरच्या संकटांबद्दलचा एक लेख वाचला. त्यात जमिनीचा बदलता वापर आणि हवामानबदल ही दोन वेगवेगळी संकटं म्हणून मांडली आहेत, तिथे जरा अडलो. खरी गोम दोन्ही एकत्र येतात तिथे आहे. तापमान वाढलं की जीवजाती ध्रुवांकडे किंवा डोंगरावर सरकतात. हिमयुगं आली-गेली तेव्हाही सरकल्या होत्या, पण तेव्हा वाट मोकळी होती. आता मध्ये शेतं, रस्ते, शहरं. पक्षी उडून जाईल, बेडकाने काय करायचं? डोंगरमाथ्यावर आधीच पोचलेल्यांना तर आणखी वर जायला जागाच नाही.

आयपीबीईएस या जैवविविधतेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंचाच्या २०१९ च्या अहवालानुसार १९७० पासून जमिनीवरच्या निसर्गाच्या ऱ्हासाला सर्वांत जास्त जबाबदार जमीनवापरातला बदलच आहे. म्हणून ‘कार्बन शोषायला झाडं लावा’ हा लेखातला उपाय सरसकट पटत नाही. मूळच्या गवताळ प्रदेशात एकाच जातीची दाट लागवड केली की तिथले कीटक-पक्षी जातात, बऱ्याच ठिकाणी ओढ्यांचं पाणीही आटतं. (हासुद्धा जमीनवापरातला बदलच की!) त्यापेक्षा पीटच्या (म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या) दलदली बघा. जगाच्या जमिनीच्या जेमतेम ३ टक्के, पण सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन धरून बसल्यात. पाण्याचा निचरा करून तिथे शेती केली की तोच कार्बन हवेत. त्यांच्याबद्दल लेखात एक ओळही नाही.

परागीभवनाचा भाग मात्र आवडला. तापमान वाढल्यामुळे फूल आधीच उमलून गेलेलं आणि मधमाशी मागाहून येतेय, हे नेमकं पकडलंय.