"जागरूक नागरिक" यांना उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

न्यूयॉर्क शहराने रूझवेल्ट हॉटेलमध्ये आश्रय मागणाऱ्या स्थलांतरितांना ठेवलं होतं त्यावर मी लिहिलं होतं, त्याखाली "जागरूक नागरिक" म्हणतात: "ताई, एसीत बसून माणुसकीचे डोस पाजणं सोपं असतं. धडधाकट माणसांना टॅक्सच्या पैशातून हॉटेलात ठेवण्यापेक्षा कामाला का लावत नाहीत?" पुढे पाकिस्तान, जेवणाचं कंत्राट, बॉर्डर वगैरे.

आधी ते "डोस". इथे नावानिशी लिहिणारे वाचक कडाडून विरोध करतात, त्यांना मी कधी टोचून बोललेय का? स्वतःचं नाव लपवायचं आणि दुसऱ्याचा एसी काढायचा, ही कुठली रीत?

आता "कामाला का लावत नाहीत". कारण कायदा लावू देत नाही! आश्रयाचा अर्ज केल्यावर 150 दिवस वर्क परमिट मागताच येत नाही आणि 180 दिवसांच्या आत ते मिळत नाही. आणि हे दिवस माणूस शहरात आल्यापासून नाही, अर्ज दाखल झाल्यापासून मोजतात. तो फॉर्म इंग्रजीतच भरायचा. 2023 च्या उन्हाळ्यात मी व्हॉलंटियर म्हणून भरायला बसायचे, त्यात मागच्या पाच वर्षांतले सगळे पत्ते महिन्या-वर्षासकट लागतात, आणि समोर वेनेझुएलाहून आलेली बाई, मांडीवर पोर, वाटेत कुठे कुठे राहिलो ते बोटांवर मोजतेय, फोनमधला ट्रान्सलेटर भलतंच काहीतरी बोलतोय. तिने मला पहिलं काय विचारलं असेल? काम कधीपासून करता येईल, हेच.

मी स्वतः एच-4 वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या बायकोला मिळतो त्या व्हिसावर आले. हातात इंजिनियरिंगची डिग्री, पण व्हिसावर कामाला बंदी, 2015 मध्ये काही जणींपुरता नियम बदलला तोवर नवऱ्याच्या पगारावर घरात बसून काढली ती वर्षं, आणि वर लोक म्हणायचे "मजा आहे बाई तुझी". धडधाकट माणसाला बसवून ठेवणं म्हणजे काय ते मला नका शिकवू.

बेघराला छप्पर द्यायचं हे 1981 च्या कोर्टातल्या तडजोडीपासून न्यूयॉर्क शहरावर बंधनकारक आहे. म्हणजे कमवायला बंदी वॉशिंग्टनने, म्हणजे केंद्र सरकारने घालायची आणि खोलीचं बिल शहराने भरायचं, मग खर्च फुगणार नाही तर काय होईल? तेव्हाचे मेयर एरिक अ‍ॅडम्स, जे या प्रश्नाने शहर उद्ध्वस्त होईल म्हणाले होते, तेसुद्धा वॉशिंग्टनकडे वर्क परमिटच लवकर द्या म्हणून मागे लागले होते.

जेवणाच्या कंत्राटाचं तुमचं बरोबर आहे, न खाल्लेले डबे फेकले गेले, तो पैसा वायाच. हॉटेल पाकिस्तानच्या सरकारी एअरलाइनचं होतं, बरं मग? 2020 पासून बंद पडलेल्या हजारावर खोल्या होत्या, शहराने घेतल्या, 2025 मध्ये तिथलं स्थलांतरितांचं सेंटर बंदही झालं. बॉर्डरचं इथे काढू नका, तो लेखाचा विषयच नव्हता.

परत लिहायचं तर त्या 180 दिवसांवर लिहा. माझ्या एसीवरची कमेंट यापुढे अप्रूव्ह होणार नाही.