वाका की!

काल मंडईत मेथीवाल्या मावशींनी परत दिलेलं ५ रुपयांचं नाणं हातातून निसटलं आणि घरंगळत कोबीच्या पाल्यात जाऊन बसलं. मी नुसता बघत उभा. मणक्यात ‘गॅप’ निघाल्यापासून, म्हणजे गेले बारा दिवस, कमरेला पट्टा आहे. पाठीशी चार पोलादी पट्ट्या, पोटावर वेल्क्रो, किंमत ९५० रुपये.

मागून एक आजोबा म्हणाले, “अहो, वाका की!”

“पट्टा आहे.”

“कशाला?”

“वाकलं की दुखतं.”

“मग आता दुखतं?”

“आता वाकताच येत नाही.”

“मग झालं की काम!” असं म्हणून त्यांनी पिशवी खाली ठेवली. म्हणजे मुक्काम लांबणार. शर्टावरूनच माझ्या पाठीवर टकटक केलं. “आत लोखंड आहे हो!” हे मावशींना. मावशींनी माप बाजूला ठेवलं. “गुडघ्यात वाका. हां. अजून. अजून!”

मी बसू लागलो. पट्ट्याची वरची कड बरगडीत, खालची मांडीत. मधलं पोट जागा शोधत गळ्याशी आलं. नाणं वीतभर लांब राहिलं.

हल्ली कुणी मागून हाक मारली तर मी पालखीसारखा अख्खा वळतो. तेही सोसलं असतं. पण फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, पुढं-मागं, कडेला मोठं वाकणं पट्टा अडवतो. कण्याच्या तळाच्या दोन सांध्यांना मात्र त्याला नीट धरता येत नाही. माझं दुखणं नेमकं तिथंच! १९५७ साली नॉर्टन आणि ब्राऊन या हाडांच्या डॉक्टरांनी माणसांच्या मणक्यांत तारा रोवून मोजलं, तर काही पट्टे बांधल्यावर तळाची हालचाल उलट वाढलेली. म्हणजे नाणं उचलायला बंदी, दुखायला मोकळीक. “वाकू नका याची आठवण राहते ना,” बाई म्हणाल्या. आठवण करून द्यायला घरी माणसं आहेत, तीही फुकट.

तेवढ्यात आजोबा गुडघे ताठ ठेवून सरळ खाली गेले, नाणं उचललं, फुंकर मारून माझ्या खिशात टाकलं. “अठ्ठ्याहत्तर चालू आहे,” कुणी न विचारता सांगितलं. निघताना वळून म्हणाले, “आणि पट्टा उलटा बांधलाय.”

घरी येऊन पाव तास आरशासमोर पट्टा काढत-घालत होतो. सुलटाच होता.