गुग्गुळ घ्या, आणि वाचायचं तेवढंच वाचा

रिपोर्टात एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, 162 आलं म्हणून घाबरून जाऊ नका. आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या मराठी माणसाचं एलडीएल शंभराखाली गेलं, तर सकाळी बेडईच्या सारणाच्या पुऱ्या तळणाऱ्याने पोट कसं भरायचं? डॉक्टरने गोळी लिहून दिली असेल, तर ती चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवा. फेकू नका, कोणी विचारलं तर दाखवायला हवी. गोळी मात्र आणायची नाही. आपल्याकडे गुग्गुळ आहे, झुडपाचा औषधी डिंक.

आता कोणी विचारेल, गुग्गुळच का? तेव्हा 'आमची आजी सांगायची' असं बोलू नका. तुम्ही बँकेतून किंवा एजी (महालेखाकार) ऑफिसातून निवृत्त झालेली माणसं, तुम्हाला ते शोभत नाही. 'संशोधनाने सिद्ध झालंय' म्हणा. गुग्गुळावर संशोधन खरोखरच भरपूर झालेलं आहे, त्यामुळे तुमचं काम सोपं आहे. ते कोणत्या सालापर्यंत वाचायचं, एवढंच ठरवायचं.

सुरुवात दणक्यात करा. सुश्रुतसंहितेत मेदोरोग, म्हणजे चरबी वाढण्याचा रोग, सांगितलाय, आणि त्यावर गुग्गुळ. ते वाचून बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर प्रयोग केले आणि 1966 साली प्रबंध सादर केला. सशांचं कोलेस्टेरॉल गुग्गुळाने उतरलं होतं. (पुढे त्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. ग्रंथातलं वचन उचलून प्रयोगशाळेत नेणं आणि ते खोटं ठरण्याची जोखीम पत्करणं, याला मोठी हिंमत लागते, असं मला तरी वाटतं.) पण गप्पांमध्ये हा भाग गाळा. 'सुश्रुताला हे सगळं आधीच माहीत होतं' एवढंच सांगा. ससे मध्ये आणले की लोक प्रश्न विचारू लागतात.

मग लखनौला या. तिथल्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळातून गुग्गुलिपिड नावाचा अर्क काढला. मुंबई, बंगळूर, दिल्ली, जयपूर, लखनौ, नागपूर आणि वाराणसी अशा सात शहरांत त्याची चाचणी झाली आणि 1989 साली निकाल छापून आले. 205 जणांना 12 आठवडे, दिवसातून तीनदा 500 मिलिग्रॅम. त्यांतल्या 70 ते 80 टक्के लोकांचं कोलेस्टेरॉल सरासरी 23 टक्क्यांहून जास्त उतरलं. हा आकडा पाठ करा. मुंबई आणि नागपूर एका निकालावर एकत्र आल्याचं उदाहरण म्हणूनही तो उपयोगी पडेल. या 205 जणांची चाचणी 'उघडी' होती, म्हणजे काय दिलं जातंय ते देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक होतं. हे वाचताना चष्मा सापडला नाही तरी चालेल.

1994 सालची मुरादाबादची चाचणी याहून गोड. 61 रुग्ण, 24 आठवडे, एका गटाला गुग्गुलिपिड आणि दुसऱ्याला नुसती दिसायला सारखी गोळी. गुग्गुळवाल्यांचं एलडीएल साडेबारा टक्क्यांनी उतरलं. फक्त एक आहे, दोन्ही गटांना फळं आणि भाज्या भरपूर असलेला आहार दिला होता. तेवढं वाक्य सोडून पुढे जा. हुजरात मंडीतून रोज पिशवीभर पालेभाजी वाहून आणायची असेल, तर मग गुग्गुळ कशाला?

त्याच 1994 साली स्कँडिनेव्हियातल्या लोकांनी सिमव्हास्टॅटिन या गोळीची चाचणी छापली. त्यात 4,444 हृदयरुग्ण होते, आणि त्यांच्यावर पाच वर्षांहून अधिक लक्ष ठेवलं होतं. त्यांनी कोलेस्टेरॉल तर मोजलंच, पण माणसं किती गेली तेही मोजलं. गोळी घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांनी कमी निघालं. याला तुमचं उत्तर तयार असू द्या: 'ते केमिकल हो!' स्टॅटिन ही जात मुळात बुरशीत सापडली, हे समोरच्याला ठाऊक नसतं. असलंच, तर विषय बदलून सिंधिया स्कूलच्या प्रवेशाबद्दल विचारा.

आता 2002. या सालावर तुम्ही मनसोक्त रेंगाळा. गुग्गुळातलं गुग्गुलस्टेरॉन यकृतातल्या एफएक्सआर नावाच्या ग्राहीला (पेशीतल्या संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) अडवतं आणि त्यातून कोलेस्टेरॉल उतरतं, असं 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं. उंदरांवरचं काम होतं, पण 'सायन्स' म्हणजे 'सायन्स'. गुग्गुळ काम कसं करतो, हे साऱ्या जगाला कळलं.

इथेच पुस्तक मिटा.

कारण पुढच्याच वर्षी, 2003 च्या ऑगस्टात, गुग्गुळ काम करतो का, हे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मंडळींनी पाहिलं. 103 माणसं, आठ आठवडे. कोणाला काय मिळतंय हे डॉक्टरलाही माहीत नाही आणि रुग्णालाही नाही. एका गटाला दिवसातून तीनदा 1,000 मिलिग्रॅम प्रमाणित गुग्गुलिपिड, दुसऱ्याला तीनदा 2,000, तिसऱ्याला पोकळ, म्हणजे औषध नसलेली गोळी. पोकळ गोळीवाल्यांचं एलडीएल 5 टक्क्यांनी उतरलं. गुग्गुळवाल्यांचं 4 ते 5 टक्क्यांनी चढलं. शिवाय गुग्गुळ घेणाऱ्या 67 जणांपैकी सहा जणांच्या अंगावर पुरळ उठलं, पोकळ गोळीवाल्यांत एकाच्याही नाही.

हे कोणी पुढ्यात टाकलंच, तर म्हणा, अमेरिकन माणसाचं खाणं वेगळं, त्याची प्रकृती वेगळी. यात तथ्य असूही शकतं, शास्त्रज्ञांनीही हा मुद्दा मांडलेला आहे. पण मग 2009 साली नॉर्वेत 43 जणांवर 12 आठवडे जे केलं, त्याचं काय करायचं? तिथे एकूण कोलेस्टेरॉल थोडंसं उतरलं, एलडीएल जागेवर राहिलं आणि जे उतरू नये ते 'चांगलं' एचडीएल उतरलं. तुम्ही 'एकूण उतरलं' एवढं वाक्य घ्या. दिवाळीच्या फराळातून आपण चकली उचलतोच की, शंकरपाळे मागे ठेवून.

आता खरेदी. दाल बाजारात जा, नाहीतर बाड्यावरच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात. चाचण्या झाल्या त्या प्रमाणित अर्काच्या, आणि तुमच्या हातात येईल ती वटी. तिच्यात शुद्ध केलेल्या गुग्गुळाबरोबर आणखी बऱ्याच वनस्पती असतात, गुग्गुलस्टेरॉन किती हे डबीवर बहुधा नसतंच. योगराज सांध्यांसाठी, कैशोर वातरक्तासाठी (म्हणजे गाऊटसारख्या दुखण्यासाठी), कांचनार गाठींसाठी, असा वैद्यांचा हिशेब आहे. तुम्ही जे स्वस्त असेल ते घ्या. शेवटी सगळ्यांच्या नावात गुग्गुळ आहेच.

वैद्याकडे मात्र जाऊ नका. डॉक्टर एक वेळ परवडला. वैद्य जाणता असेल तर भावप्रकाश हा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ काढून बसेल, आणि त्यात गुग्गुळाबद्दल जे लिहिलंय ते तुम्हाला झेपणारं नाही. नवा गुग्गुळ अंग भरतो, जुना गुग्गुळ अंग उतरवतो, असं तिथे स्वच्छ सांगितलंय. म्हणजे डबी ताजी निघाली तर पंचाईत! आणि पुढे पथ्य. गुग्गुळाचा गुण हवा असेल त्याने आंबट सोडावं, तिखट-तीक्ष्ण सोडावं, आधीचं पचल्याशिवाय खाऊ नये, स्त्रीसंग, अतिश्रम, ऊन आणि मद्य टाळावं. आणि राग सोडावा.

राग! ग्वाल्हेरात! मे महिन्यात दुपारी दोनला फूलबागेच्या चौकात तिरक्या घुसलेल्या टेम्पोमागे उभं राहून! ऊनही सोडायचं आणि रागही, म्हणजे आपण एप्रिल ते जून घराबाहेर पडायचंच नाही. कढीत आमसूल नको, कचोरीबरोबर हिरवी मिरची नको. अमेरिकेतल्या चाचणीत हे पथ्य कोणाला पाळायला लावलं नव्हतं, हा तुमच्या बाजूचा उत्तम मुद्दा आहे, जरूर मांडा. फक्त मांडताना तोंडात कचोरी नसावी.

तर आयुर्वेदातलं पथ्य गाळलं आणि विज्ञानातलं 2003 गाळलं, की उरतो तो खास आपला गुग्गुळ. रोज सकाळी दोन गोळ्या, कोमट पाण्याबरोबर.

डॉक्टरला काही सांगू नका. तो 'आणखी काही घेता का?' असं विचारतो, तेव्हा 'नाही' म्हणा. गुग्गुळ हे औषध थोडंच आहे, ते नैसर्गिक आहे. प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम ही रक्तदाबाची औषधं गुग्गुलिपिडाबरोबर घेतली तर रक्तात कमी उतरतात, असं आढळलेलं आहे. तुमचा रक्तदाब मग का हटत नाही, याचा विचार तो बिचारा करीत बसेल. मात्रा वाढवेल, गोळी बदलेल. त्याला शिकू द्या. अंगावर पुरळ उठलं तर शेजारच्या काकू सांगतीलच, 'विष बाहेर पडतंय.' थायरॉइडची गोळी चालू असेल, तर त्याबद्दलही काकूंनाच विचारा.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा. एलडीएल उतरलं तर गुग्गुळाने उतरलं. संध्याकाळी बैजातालाभोवती तुम्ही नुकत्याच सुरू केलेल्या चार फेऱ्या, वहिनींनी बंद केलेलं वनस्पती तूप, यांचा उल्लेख नको. चढलं तर लॅब बदला.

आणि गुग्गुळ येतो कुठून, या भानगडीत तर पडूच नका. कच्छ-राजस्थानात येतो, आणि आपल्या अगदी शेजारी, मुरैना-भिंडकडे चंबळच्या बीहडात, म्हणजे मातीच्या घळींत. काटेरी, ठेंगणं झुडूप. डिंकाजोगं व्हायला त्याला आठ-दहा वर्षं लागतात, आणि मग हंगामात पाव ते अर्धा किलो डिंक. सालीला हलकी चीर देऊन थांबलं तर ते जगतं. पण डिंक जास्त सुटावा म्हणून खोल घाव घालून वर रसायन चोपडलं, की भरभरून वाहतं आणि वाळून जातं. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत त्याची नोंद आता 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे, म्हणजे वाघापेक्षाही पुढच्या रांगेत. मागणी वाढली की भेसळही वाढते, दुसऱ्या झाडांचे डिंक मिसळले जातात. तेव्हा तुमच्या वटीत गुग्गुळ कमी असण्याची शक्यताही आहे, आणि 2003 चे आकडे पाहता ती तुमच्या पथ्यावरच पडेल.

यंदा गजक आणायला मुरैनाला गेलात, तर वाटेत बीहडाच्या कडेला एखादा माणूस कुऱ्हाड घेऊन झुडपापाशी वाकलेला दिसेल. गाडी थांबवू नका. त्याला तुमचं एलडीएल सांगून उपयोग नाही, आणि त्याला मिळणारा किलोचा भाव ऐकलात तर डबीवरची किंमत पाहून तुम्हाला राग येईल. तो तर वर्ज्य आहे.